अहवालातला 'आर-१-ए', नकाशावरचा युक्रेन आणि भावकीतला 'एल'

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ सातारा जिल्ह्यातले, आडनाव देशमुख. त्यांनी हौसेने वंशचाचणी करून घेतली. अहवालात पितृवंश, म्हणजे बापाकडून मुलाकडे उतरत आलेली ओळ, 'आर-१-ए' असा आला आणि सोबतच्या नकाशात पोलंड, युक्रेन, रशिया हा सगळा पट्टा गडद रंगवलेला निघाला. आपले पूर्वज तिकडून आले असे समजायचे का, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा जास्त बोचरा आहे. त्याच गावचे, त्याच आडनावाचे, तेच कुलदैवत आणि तेच गोत्र सांगणारे भावकीतले एक गृहस्थ तीच चाचणी करून मोकळे झाले आणि त्यांचा पितृवंश 'एल' आला. "दोघांपैकी एकाचा अहवाल चुकला असणार ना?" असे त्यांनी विचारले आहे.

मी वीस-बावीस वर्षे वाय गुणसूत्रावर, म्हणजे फक्त पुरुषांत असणाऱ्या गुणसूत्रावर, काम करतो आहे. सुरुवातीला न्यायवैद्यक नमुन्यांवर आणि नंतर लोकसमूहांच्या अभ्यासात. या दोन प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. अहवालातले अक्षर किती जुन्या काळाबद्दल बोलते, हे लक्षात घेतले नाही की माणूस एकीकडे त्यातून फार काही काढतो आणि दुसरीकडे जे खरोखर त्यात आहे ते सोडून देतो. आपल्या बाबतीत नेमके तसेच झाले आहे. नकाशाने आपल्याला नको इतके सांगितले आणि भावकीतल्या 'एल'ने जे स्पष्ट सांगितले, ते आपण प्रयोगशाळेच्या चुकीवर ढकलू पाहत आहात.

आधी यंत्रणा थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. आपल्या बहुतेक गुणसूत्रांची दर पिढीला आई-वडिलांकडच्या जोड्यांत सरमिसळ होते. वाय गुणसूत्राला जोडीदार नसतो. त्याची दोन टोके एक्स गुणसूत्राशी देवाणघेवाण करतात, पण उरलेला सुमारे ९५ टक्के भाग वडिलांकडून मुलाकडे जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. या गुणसूत्राचा संपूर्ण अनुक्रम २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याची लांबी डीएनएच्या सहा कोटी चोवीस लाख अक्षरांच्या वर भरते. एवढा मजकूर पिढ्यान् पिढ्या उतरवून घेताना अधूनमधून एखादे अक्षर चुकते आणि ती चूक पुढच्या सगळ्या मुला-नातवंडांत तशीच राहते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करताना बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली आणि समान पाठभेदांवरून पोथ्यांची कुळे लावली. आम्ही तेच करतो. आमची पोथी सजीव आहे आणि नक्कल करणाऱ्याला आपण नक्कल करतो आहोत याचा पत्ता नाही, एवढाच फरक.

या चुका दोन जातींच्या असतात आणि त्यांतला फरक पुढे भावकीच्या प्रश्नात उपयोगी पडेल. एक म्हणजे एका अक्षराचा बदल. तो फार क्वचित होतो, पण एकदा झाला की सहसा परत फिरत नाही, म्हणून पितृवंशाच्या मोठ्या फांद्या त्यावर ठरतात. दुसरी जात पुनरावृत्तींची. वाय गुणसूत्रावर काही ठिकाणी चार-चार अक्षरांचा तुकडा सलग बारा, चौदा किंवा सोळा वेळा येतो आणि नक्कल होताना ही संख्या एकाने कमी-जास्त होते. हे तुलनेने वारंवार घडते. एका ठिकाणी दर हजार पिढ्यांत साधारण दोनदा. पहिल्या जातीचा बदल हजारो वर्षांचा हिशेब देतो आणि दुसऱ्या जातीचा शतकांचा. आपल्या हातात आलेला अहवाल पहिल्या जातीवर आधारलेला आहे, आणि तोही वरवरच्या थरापर्यंतच गेलेला आहे.

नावांबद्दलही एक सावधगिरी बाळगावी लागते. ए पासून सुरू होणारी ही अक्षरांची पद्धत २००२ साली संशोधकांच्या एका गटाने एकत्र बसून ठरवली, कारण तोवर प्रत्येक प्रयोगशाळा आपापली नावे वापरत होती. पण झाडाला नवी फांदी सापडली की लांबलचक नावे बदलतात. मध्य आणि पूर्व भारतातल्या मुंडा भाषिकांत भरपूर आढळणारा वंश जुन्या निबंधांत 'ओ-२-ए' आहे आणि नव्यांत 'ओ-१-बी'. जुना 'के-२' आज 'टी' झाला आहे. २००६ सालचा निबंध आणि आजचा अहवाल शेजारी ठेवून जुळवाजुळव करणारे लोक इथेच फसतात. म्हणून नावाच्या शेपटाला असलेला बदलाचा क्रमांक पाहावा. तो क्रमांक स्थिर असतो. आपल्या अहवालात तो 'एम-१९८' आहे, असे आपण लिहिले आहे. पुढचे उत्तर मी तेच धरून देतो.

आता नकाशाकडे येऊ. आपल्यापर्यंत आलेल्या मोठ्या वंशवृक्षाची सर्वांत जुनी खोडे आफ्रिकेत आहेत. आजवर माहीत असलेली सर्वांत खोल फांदी २०१३ साली प्रसिद्ध झाली आणि तिचे धागे कॅमेरूनमधल्या म्बो लोकांपर्यंत पोचले. आफ्रिकेबाहेरचे जवळजवळ सगळे पुरुष 'एम-१६८' या एका बदलाचे वारस आहेत. त्याच्या खालून सी, डी आणि एफ या मोठ्या फांद्या जगभर गेल्या आणि एफच्या पोटात आपल्याकडचे एच, एल, जे, आर हे सगळे येतात. भारतापुरते बोलायचे तर एच उपखंडात फार जुना आणि सर्वदूर आहे, एल मुख्यतः पश्चिम आणि दक्षिण भारतात तसेच पाकिस्तानात, आर-२ उपखंडात पसरलेला, जे-२ पश्चिम आशियाशी नाते सांगणारा, ओ पूर्वेकडचा आणि आर-१-ए उत्तरेकडे जास्त असला तरी सगळीकडे भेटणारा. ही ढोबळ ओळख झाली. प्रत्येक वाक्याला अपवाद आहेत.

अहवालासोबत येणारा रंगीत नकाशा एवढेच सांगतो की आज जिवंत असलेल्या, तपासलेल्या पुरुषांपैकी किती टक्क्यांत हा वंश सापडला. जिथे टक्केवारी जास्त तिथे उगम, हे समीकरण मनात आपोआप तयार होते आणि ते चुकीचे आहे. एखाद्या ठिकाणी चार-दोन पुरुष पोचले आणि त्यांची संतती पुढे अफाट वाढली, तरी नकाशा गडद होतो. उदाहरण द्यायचे तर आर-१-बी हा वंश आयर्लंडमध्ये दहातल्या आठांहून अधिक पुरुषांत मिळतो आणि आफ्रिकेत कॅमेरूनच्या उत्तर भागातल्या काही समाजांतही बहुसंख्येने मिळतो. नुसते अक्षर पाहणारा म्हणेल की आयरिश आणि कॅमेरूनी लोक सख्खे भाऊ. खाली उतरून पाहिले की आफ्रिकेतली फांदी 'व्ही-८८' आहे, ती युरोपातल्या फांदीपासून फार पूर्वी फुटली आणि दोघींचा एकमेकींशी थेट व्यवहार काहीच नाही. तसेच डी हा वंश अंदमानच्या ओंगे आणि जारवा लोकांत आहे, तिबेटात आहे आणि जपानमध्येही आहे. म्हणून कोणी जपानी माणसाला तुम्ही पोर्ट ब्लेअरहून आलात असे म्हणत नाही.

आपल्या आर-१-एचे तेच आहे. 'एम-१९८'च्या खाली 'एम-४१७' हा बदल येतो आणि त्याच्या खाली, साधारण साडेपाच हजार वर्षांच्या आसपास, दोन मोठे फाटे फुटतात. एक युरोपात फोफावला आणि पोलंड-युक्रेनमधले बहुसंख्य आर-१-ए पुरुष त्याच फाट्यावर आहेत. दुसरा 'झेड-९३', मध्य आशिया आणि दक्षिण आशियातले आर-१-ए पुरुष जवळजवळ सगळे याच्यावर आहेत आणि त्याच्याही खालची 'एल-६५७' ही फांदी भारतात विशेष पसरलेली आहे. आपली चाचणी 'एम-१९८'पाशी थांबली म्हणून नकाशाने दोन्ही फाटे एकाच रंगात रंगवून दिले. आपण सातारचे आहात म्हटल्यावर आपण 'झेड-९३'खाली निघाल याची शक्यता फार मोठी आहे. म्हणजे आज कीव शहरात राहणारा आर-१-ए गृहस्थ आपल्या पूर्वजांच्या गावचा ठरत नाही. तो पाच हजार वर्षांहून लांबचा चुलत भाऊ ठरतो आणि दोघांचा समान पूर्वज युक्रेनियनही नव्हता, मराठीही नव्हता.

तरीही मूळ प्रश्न उरतोच की हा 'झेड-९३' भारतात कुठून आला. आजच्या लोकांच्या टक्केवारीवरून याचा निकाल लागत नाही; त्यासाठी जुन्या हाडांतला डीएनए लागतो. रशियातल्या दक्षिण उरलच्या सिंताश्ता संस्कृतीतल्या, म्हणजे इसवी सनपूर्व सुमारे २१०० ते १८०० या काळातल्या कबरींमधल्या पुरुषांत 'झेड-९३' मिळाला आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण व मध्य आशियाच्या मोठ्या अभ्यासाने, इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात युरेशियाच्या गवताळ प्रदेशातल्या (स्टेपमधल्या) लोकांचे रक्त दक्षिणेकडे मिसळत आले, असा निष्कर्ष काढला आहे. माझ्या मते उपलब्ध पुरावा पाहता हा वंश वायव्येकडून त्या लोकांबरोबर आला, हेच स्पष्टीकरण सर्वांत बळकट आहे. पण त्यातही एक गाठ आहे. त्याच अभ्यासात पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातल्या इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकाच्या आगेमागेच्या कबरींत गवताळ प्रदेशाचा अंश स्पष्ट दिसतो, मात्र तिथल्या पुरुषांत आर-१-ए फारच थोडा आहे आणि तो अंश स्त्रियांकडून अधिक आल्यासारखा वाटतो. आज उत्तर भारतात दिसणारे प्रमाण नंतर कसे आणि कोणत्या सामाजिक कारणांनी वाढले, हे अजून उलगडायचे आहे.

इथे राखीगढीचा दाखला हमखास दिला जातो, म्हणून सांगतो. हरियाणातल्या त्या सिंधू संस्कृतीच्या स्थळाचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली झाले आणि २०१९ सालीच तिथल्या एका सांगाड्याचा जनुकीय अनुक्रम प्रसिद्ध झाला. अनेक सांगाड्यांतून प्रयत्न करून एकाच व्यक्तीचा डीएनए वाचता आला, आणि ती व्यक्ती स्त्री होती. स्त्रीला वाय गुणसूत्र नसते. त्यामुळे 'राखीगढीत आर-१-ए सापडला नाही' हे वाक्य, बाहेरून लोक आले की नाही या वादात, एका बाजूचे लोक आनंदाने उच्चारतात आणि दुसऱ्या बाजूचे त्यावर चिडतात, पण त्या सांगाड्यात तो सापडण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या एकूण डीएनएमध्ये गवताळ प्रदेशाचा अंश नाही, हा निष्कर्ष मात्र खरा आणि महत्त्वाचा आहे. दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

याच ओघात आणखी एक गैरसमज दूर केलेला बरा. आर-१-ए म्हणजे अमुक जात, एच म्हणजे अमुक, अशी यादी लोक फिरवत असतात. जातींमध्ये प्रमाण कमी-अधिक आहे हे खरे. पण आंध्र-तेलंगणातल्या चेंचू या वनवासी समाजातही २००३ सालच्या एका अभ्यासात सुमारे चौथ्या हिश्श्याचे पुरुष आर-१-ए निघाले होते, आणि स्वतःला उच्चकुलीन म्हणवणाऱ्या घरांत एच, एल, जे-२ मी स्वतः रोज पाहतो. एका माणसाच्या अक्षरावरून त्याची जात सांगता येत नाही आणि जातीवरून अक्षर सांगता येत नाही. कोणी सांगत असेल तर तो अंदाज विकतो आहे.

शिवाय हा धागा किती बारीक आहे हेही पाहा. दहा पिढ्या मागे गेलात, म्हणजे शिवकाळाच्या शेवटाच्या आसपास, तर कागदोपत्री आपले १०२४ पूर्वज भरतात. वाय गुणसूत्र त्यांतल्या एकट्याबद्दल बोलते. उरलेल्या १०२३ जणांबद्दल ते मुके आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर भागात २००७ साली याचा झणझणीत नमुना मिळाला. पिढ्यान् पिढ्या गोऱ्या इंग्रज कुटुंबातल्या एका माणसात पश्चिम आफ्रिकेत आढळणारा अतिशय दुर्मीळ ए-१ वंश सापडला. त्याच्याच दुर्मीळ आडनावाच्या अठरा जणांना तपासले, तेव्हा सात जणांत तो निघाला. म्हणजे काही शतकांपूर्वी एक आफ्रिकी पुरुष त्या कुळात शिरला, त्याचे बाकीचे सगळे अंश पिढीगणिक निम्मे होत विरून गेले आणि वाय तेवढे शाबूत राहिले.

आपल्या मातीतली उदाहरणे याहून बोलकी आहेत. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, असे बेने इस्रायल समाज सांगतो. कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही अंश निघाले आणि ज्यू अंश मुख्यतः पुरुषांकडून, तर भारतीय अंश मुख्यतः स्त्रियांकडून आल्याचे दिसले. पारशांचेही बरेचसे तसेच आहे: पितृवंश इराणकडे बोट दाखवतो आणि मातृवंशात, म्हणजे आईकडून उतरणाऱ्या ओळीत, गुजरातच्या बाजूचा मोठा वाटा असतो. मुंडा भाषा बोलणाऱ्या समाजांत पुरुषांचा 'ओ-एम-९५' आग्नेय आशियाशी नाते सांगतो, पण मातृवंश जवळजवळ पूर्ण भारतीय आहे. मेळघाटातल्या कोरकूंची भाषा याच मुंडा कुळातली, म्हणून हा विषय आपल्याला परका नाही. तेव्हा 'आमचे पूर्वज कुठले' या प्रश्नाला पितृवंशाने दिलेले उत्तर बापाच्या बापाच्या बापापुरते खरे असते. आजीच्या माहेरचे काय, हे त्याला विचारू नये.

इथवरचा मथितार्थ असा की आपला 'एम-१९८' खरा आहे, त्यावरून दाखवलेला युक्रेन फसवा आहे आणि पुढची चाचणी केल्यास बहुधा 'झेड-९३' निघेल. आता भावकीकडे वळतो. आपल्याला खरी रुखरुख तिचीच असावी, असे मला प्रश्नाच्या सुरावरून वाटले.

आर आणि एल यांचा समान पूर्वज चाळीस हजार वर्षांहून जुना आहे. मधल्या काही पिढ्यांत एकाचे दुसऱ्यात रूपांतर होणे शक्य नाही. त्यामुळे दोन्ही अहवाल बरोबर असतील, तर आपण दोघे निव्वळ पुरुषांच्या ओळीने, आडनावाच्या किंवा गावाच्या इतिहासात बसेल अशा कोणत्याही काळात, एका पूर्वजाचे वंशज नाही. यात पळवाट नाही. पण याचा अर्थ काय लावायचा हे मात्र पुष्कळ गोष्टींवर अवलंबून आहे आणि लोकांच्या मनात सर्वांत आधी येणारा अर्थ बहुतेक वेळा सर्वांत कमी शक्यतेचा असतो.

पहिली गोष्ट, देशमुख हे आडनाव मुळात हुद्दा आहे. पाटील, कुलकर्णी, देशपांडे, चौगुले यांचेही तसेच. परगण्याचे वतन ज्याच्याकडे तो देशमुख. वतन विकले गेले, वाटले गेले, जप्त होऊन दुसऱ्याला मिळाले की आडनाव नव्या घराण्याला चिकटले. मुळात निराळ्या दोन घरांनी एकाच गावात तेच आडनाव लावणे यात आश्चर्य काहीच नाही. तीन-चार पिढ्या शेजारी राहिल्यावर, सुतक एकत्र पाळू लागल्यावर आणि कुलदैवताला एकत्र जाऊ लागल्यावर मूळची वेगळीक कोणाच्या लक्षात राहत नाही. आपण पाठवलेल्या मजकुरात दोन घरांची नेमकी वंशावळ कुठे जुळते ते नाही. 'आम्ही भावकी' एवढेच आहे. हे मी शंभर जणांकडून ऐकले आहे आणि पणजोबांच्या नावाच्या पुढे वही उघडली की दोन्हीकडे शांतता असते.

दुसरी गोष्ट दत्तकाची. वतनदार घरांत दत्तक घेणे हा नित्याचा व्यवहार होता आणि दत्तक नेहमीच सख्ख्या भाऊबंदांतला असे असे नाही. दोन प्रसिद्ध दत्तकांची तुलना करून पाहा. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड १८७५ साली नाशिककडच्या कवळाण्याहून दत्तक गेले. ते गायकवाडांच्याच दुसऱ्या शाखेतले होते, म्हणजे वंशावळ खरी धरली तर वाय गुणसूत्र तेच राहिले. राजर्षी शाहू महाराज १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या भोसले गादीवर दत्तक आले. वंशावळीप्रमाणे तिथे पितृवंश घाटग्यांचा झाला. दोन्ही दत्तके शास्त्राप्रमाणे, कायद्याप्रमाणे आणि लोकांच्या लेखी सारखीच पक्की. दत्तकविधानात गोत्र बदलते, आडनाव बदलते, श्राद्धाचा अधिकार बदलतो. वाय तेवढे बदलत नाही. घरजावयाने सासऱ्याचे वतन आणि आडनाव चालवल्याची उदाहरणेही आपल्या आसपास कमी नाहीत.

गोत्राचेही थोडक्यात बघू. सगोत्र विवाह वर्ज्य मानण्यामागची कल्पना पितृवंशाचीच आहे आणि कागदावर ती वाय गुणसूत्राशी तंतोतंत जुळते. प्रत्यक्षात अनेक घराण्यांनी गोत्र आपल्या पुरोहिताचे घेतले आणि ज्याला गोत्र माहीत नाही त्याने काश्यप सांगावे, हा प्रघात आजही लग्नाच्या मांडवात ऐकू येतो. एकच गोत्र सांगणाऱ्या पुरुषांत वेगवेगळे पितृवंश निघणे हा माझ्याकडे नेहमीचा अनुभव आहे. आपणा दोघांचे गोत्र एक असणे हा पुरावा म्हणून मी धरणार नाही.

तिसरी शक्यता, ज्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नाही, ती म्हणजे कधीतरी मुलाचा जैविक पिता कागदावरच्या पित्याहून वेगळा असणे. असे घडते, राजघराण्यांतही घडले आहे. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ साली लेस्टर शहरातल्या एका वाहनतळाखाली सापडला. मातृवंशावरून आणि इतर पुराव्यांवरून तो त्याचाच असल्याचे सिद्ध झाले. त्याचा पितृवंश जी निघाला. त्याच घराण्याच्या पुरुषओळीतले आज हयात असलेले पाच जण तपासले, तर चौघे आर-१-बी निघाले आणि पाचवा त्या चौघांशीही जुळेना. म्हणजे मधल्या काही शतकांत कागदावरची ओळ किमान दोनदा तुटली होती. नेमकी कुठे, ते त्या चाचणीतून कळत नाही. आपल्याही बाबतीत वंश न जुळणे एवढेच दिसते आहे. ते कोणत्या पिढीत, कोणत्या कारणाने आणि कोणत्या घरात घडले, याबद्दल वाय गुणसूत्र अक्षरही बोलत नाही. तर्क करून कोणा पणजीच्या चारित्र्यापर्यंत पोचणाऱ्यांना मी प्रयोगशाळेतूनच परत पाठवले आहे.

आणि हो, प्रयोगशाळेची चूक. ती होते. माझ्याच सुरुवातीच्या वर्षांत एका गावाहून आलेल्या नमुन्यांमध्ये सख्खे भाऊ म्हणून नोंदवलेले दोघे एकमेकांशी जुळेनात आणि त्यांतला एक मात्र शेजारच्या घरातल्या माणसाशी पुनरावृत्तींच्या तपासलेल्या सतराच्या सतरा ठिकाणी जुळला. नमुने गोळा करणाऱ्याने पडवीत आठ-दहा जणांना रांगेने बसवले होते, सगळ्यांच्या गालातून काड्या फिरवून घेतल्या होत्या आणि नळ्यांवर नावे नंतर एकदम लिहिली होती. पुन्हा नमुने घेतल्यावर भाऊ भावासारखे जुळले. वाचनाच्याही गमती असतात. नमुना पुरुषाचा की स्त्रीचा हे पाहण्यासाठी एक ठरावीक जनुक वापरतात. त्याची वायवरची प्रत काही भारतीय पुरुषांत गळालेली असते. २००२ साली हैदराबादच्या संशोधकांनी २७० पुरुषांत अशी पाच उदाहरणे नोंदवली आणि पुढे कळले की असे बहुतेक पुरुष जे-२ वंशाच्या एका फांदीवर बसतात. मिशीवाला गडी समोर उभा आणि आलेखात एकट्या एक्सचे शिखर, हे मी स्वतः पाहिले आहे. पण अशी चूक आर-१-एचा एल करत नाही. ते करायला नळीच बदलावी लागते.

आता काय करावे, तर माझा सल्ला असा. आपण दोघांनी अक्षरांच्या मागे न लागता आधी पुनरावृत्तींची चाचणी करावी. सतरा ठिकाणांची चालेल, सदतीस असल्यास उत्तम. हिशेब सोपा आहे. दहा पिढ्यांपूर्वी एक पूर्वज असलेल्या दोन पुरुषांमध्ये दोन्ही बाजू मिळून वीस वेळा नक्कल झालेली असते. सतरा ठिकाणे आणि हजारात दोन हा दर धरला तर सरासरीने एक फरकसुद्धा पुरा पडत नाही. म्हणजे खरे भाऊबंद सतरापैकी सोळा-सतरा ठिकाणी जुळतात. आर आणि एल मात्र कितीतरी ठिकाणी फटकून वागतील आणि निकाल पाहताक्षणी लागेल. उलट दिशेने मात्र जपून जावे, कारण सतरा ठिकाणे जुळणारे दोन पुरुष क्वचित योगायोगानेही भेटतात. तेव्हा जुळले तर अक्षरी बदलांनी खातरजमा करावी. 'झेड-९३'च्या खाली आपण नेमके कुठे बसता हे हवे असेल, तर वाय गुणसूत्राचा मोठा भाग सलग वाचणारी चाचणी करावी लागेल. ती महाग असते आणि केवळ नकाशाच्या समाधानासाठी मी ती सुचवणार नाही.

दोघांचे निकाल पुन्हा तेच आले, तर तिसरा माणूस लागेल. दोघांत न जुळले तर कोणाची ओळ जुनी हे कळत नाही. तिसऱ्या शाखेतला पुरुष आपल्याशी जुळला तर ती शाखा आणि आपण एक, भावकीतल्या त्या गृहस्थांशी जुळला तर ती शाखा आणि ते एक, आणि कोणाशीच जुळला नाही तर हुद्द्याचे आडनाव हेच उत्तर बहुधा खरे. वंशावळीच्या वहीत, भाटाच्या नोंदीत किंवा त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या बाडात दोन घरे जिथे फुटल्याचे लिहिले असेल, त्या फुटीच्या वरून निघालेली शाखा शोधा. त्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला आधी सगळे सांगा. निकाल न जुळण्याची शक्यता आहे हेही सांगा, आणि ते नको म्हणाले तर विषय तिथेच सोडा. हो म्हणाले, तर नमुना घेण्याआधी अर्धा तास त्यांना चहा-तंबाखू काही घेऊ देऊ नका, आणि काडी गालात घालण्याआधी नळीवर नाव लिहा.